बॅटरी विकायला तयार नसलेलं नाना पेठेतलं दुकान

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

माझी गाडी १.२ लिटरची पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. तिच्यात स्टार्ट-स्टॉप आहे: सिग्नलला न्यूट्रल करून क्लच सोडला की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की सुरू. दीड वर्ष हे बिनतक्रार चाललं. मग गाडीला लहर लागली. कर्वे पुतळ्याला इंजिन बंद व्हायचं, नळस्टॉपला नाही. कधी सगळा आठवडा काहीच नाही, आणि अचानक एका सकाळी शहाण्यासारखं प्रत्येक सिग्नलला बंद.

सर्व्हिस सेंटरला दोनदा गेले. पहिल्यांदा लॅपटॉप लावून सांगितलं, "मॅडम, एरर कोड नाही. सिस्टीम अशीच असते." दुसऱ्यांदा त्याच काउंटरवर नव्या बॅटरीचं एस्टिमेट हातात, नऊ हजारांच्या वर. पंचवीस वर्षं वकिली करतेय. एकाच साक्षीदाराचे असे दोन जबाब असले की मी सही करत नाही.

कोर्टाच्या डायरीतच टिपणं सुरू केली. कोणत्या दिवशी बंद झाली, कोणत्या दिवशी नाही. तीन आठवड्यांनी एक गोष्ट दिसली: सोमवार-मंगळवार ठीक, बुधवारनंतर रुसवा. का, ते मला कळेना.

पक्षकाराच्या ओळखीने नाना पेठेतल्या या दुकानात गेले. दहा बाय बाराचा गाळा, फूटपाथवर चार्जरला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, गल्ल्यावर साठीचे काका. मी थेट म्हटलं, नवी बॅटरी हवीय, ईएफबी, म्हणजे स्टार्ट-स्टॉपसाठीची दणकट जातीची. (स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला साधी चालत नाही एवढा अभ्यास करून गेले होते. दिवसातून पन्नास वेळा स्टार्टर मारायचा तर प्लेट्स जास्त दमाच्या लागतात.) काकांनी बॉनेट उघडायला लावलं, टेस्टर लावला आणि म्हणाले, "ताई, बॅटरी मेलेली नाही. उपाशी आहे."

व्होल्टेज १२.३ आलं. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते. मग त्यांनी निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पवरची काडेपेटीएवढी डबी दाखवली. तो सेन्सर. बॅटरीत किती करंट आला, किती गेला, याचा हिशेब तो ठेवतो, शिवाय व्होल्टेजही पाहतो. चार्ज पुरेसा नाही असं दिसलं की गाडी सिग्नलला इंजिन बंदच करत नाही, कारण बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर? म्हणजे ते न चालणं हा बिघाड नव्हताच, खबरदारी होती.

उपाशी का, याचं उत्तर माझ्या डॅशकॅममध्ये (पुढच्या काचेवरचा रेकॉर्डिंगचा कॅमेरा) निघालं. बसवणाऱ्याने वायर थेट बॅटरीवर घेतली होती आणि अर्थची (निगेटिव्ह) वायर सेन्सरला वळसा घालून निगेटिव्हच्या खुंट्यावरच. पार्किंग मोड, म्हणजे उभ्या गाडीतलं रेकॉर्डिंग, चोवीस तास चालू. काकांनी मीटर लावला: गाडी बंद असताना पाव अँपिअर जातोय. दिवसाला सहा अँपिअर-अवर, बॅटरी ५५ची. म्हणजे रोज दहावा हिस्सा गायब, आणि हिशेबनिसाच्या वहीत नोंदच नाही. वारजे ते शिवाजीनगर कोर्ट हे माझं जेमतेम नऊ किलोमीटरचं धावणं, त्यात एसी आणि हेडलाइट. परत काय भरणार?

"लांब कधी जाता का?" त्यांनी विचारलं. दर रविवारी साताऱ्याला आईकडे जाते. डायरीतल्या सोमवारचं कोडं तिथेच सुटलं.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला ठेवून घेतली, तोवर दुसरी साधी लावून दिली आणि "स्टार्ट-स्टॉप बटणाने बंद ठेवा, ते प्रत्येक वेळी गाडी चालू केली की परत ऑन होतं" असं दोनदा बजावलं. दुसऱ्या दिवशी डॅशकॅमची वायर इग्निशनच्या फ्यूजवर (गाडी बंद की कॅमेराही बंद) आणि अर्थची वायर बॉडीच्या बोल्टवर घेतली. बॅटरी काढल्यामुळे घड्याळ गेलं होतं, तेही लावून दिलं. "आज लगेच चालेल अशी अपेक्षा ठेवू नका, गाडी रात्रभर लॉक करून सोडा, सेन्सर स्वतःला जुळवून घेईल." तसंच झालं. एकूण घेतले सहाशे रुपये.

तारा कापला तो बिलासाठी. मागितलं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे "चार्जिंग + वायरिंग ६००" लिहून दिलं, तारीख नाही. शिवाय पार्किंग शून्य. दोन्ही दिवशी गाडी डबल लावून जीव मुठीत धरून उभी होते.

दोन महिने झाले. आता आठवडाभर चालतं, पण प्रत्येक सिग्नलला नाही, आणि ते मला मान्य आहे. सकाळी इंजिन गरम होईपर्यंत नाही. मे महिन्यात कोर्टाच्या आवारात भाजलेली गाडी काढली की आतलं तापमान उतरेपर्यंत नाही, कारण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना नाही, मध्ये थोडा वेग घ्यावा लागतो. एकदा बंद इंजिनात ब्रेक तीन-चारदा दाबला आणि ते मध्येच सुरू झालं. ब्रेकच्या पेडलला जोर देणारा व्हॅक्यूम उतरला म्हणून, हे काकांना फोन करून विचारलं. फोनचे पैसे घेतले नाहीत.

बचतीचं म्हणाल तर उभं इंजिन तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर पितं, म्हणजे मिनिटाच्या सिग्नलला खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे. एवढ्यासाठी इतका खटाटोप, असं आमच्या यजमानांचं मत आहे. ते पाठीमागे बसतात.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा आणि कुणालातरी गाडीजवळ उभं राहायला सोबत न्या.