स्ट्रिप, रिप्लेस, स्प्लिट-जॉइन की रेजेक्स? पायथनमध्ये नको असलेल्या स्पेस काढताना

सोसायटीच्या सभासदांची यादी एक्सेलमधून पायथनमध्ये घेतली आणि एकच सुनीता पाटील दोनदा मोजल्या गेल्या. स्क्रीनवर दोन्ही नावं तंतोतंत सारखी. एकाच्या शेपटीला स्पेस चिकटलेली. मग घाईत जो आठवला तो उपाय लावला आणि निम्मी यादी बिघडवली. म्हणून स्पेस काढायचे हे चार उपाय शेजारी शेजारी ठेवतो. स्पेसच्या जागी _ धरा.

मूळ: __सुनीता___पाटील_
स्ट्रिप: सुनीता___पाटील
रिप्लेस (स्पेसच्या जागी काहीच नाही): सुनीतापाटील
स्प्लिट करून एका स्पेसने जॉइन: सुनीता_पाटील
रेजेक्स, म्हणजे नमुना देऊन शोध-बदल (सलग स्पेसच्या जागी एक): _सुनीता_पाटील_

स्ट्रिप फक्त कडा छाटतो. फाइलमधून ओळी वाचताना तेवढं पुरतं, कारण ओळीच्या शेवटची न्यूलाइनही (ओळ संपल्याची अदृश्य खूण) तो काढतो. त्याला कंसात काही द्यायचं असेल तर मात्र जपून. "श्री शरद" मधलं "श्री " काढायला लेफ्ट-स्ट्रिप (फक्त सुरुवातीची कड छाटणारा) वापरलात तर हातात नुसता "द" उरतो! दिलेला मजकूर तो शब्द म्हणून पाहत नाही. श, हलंत, र, वेलांटी आणि स्पेस यांतलं जे समोर येईल ते खात सुटतो. त्यासाठी पायथन ३.९ पासून रिमूव्हप्रिफिक्स आहे, तो सुरुवातीचा दिलेला मजकूर अख्खा जुळला तरच काढतो.

रिप्लेस नावांना लावूच नका. पिनकोडला उत्तम: "४११ ०३०" चं "४११०३०" होतं. पण त्याला साधी स्पेसच कळते. टॅब शिल्लक राहतो, आणि वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरातली नॉन-ब्रेकिंग स्पेसही (तिच्यापाशी ओळ तुटत नाही), जी दिसायला हुबेहूब स्पेससारखीच असते.

नावांसाठी माझं मत सरळ स्प्लिट-जॉइनला. स्प्लिटचा कंस रिकामा ठेवा, म्हणजे टॅब, न्यूलाइन, नॉन-ब्रेकिंग स्पेस सगळं एकदम निकालात निघतं आणि कडाही साफ होतात. पत्ता तीन ओळींत असेल तर मात्र त्याची एकच ओळ होईल. ओळी राखून फक्त मधल्या स्पेस आणि टॅब आवळायचे असतील, तिथे रेजेक्स. एरवी त्याची गरज पडत नाही.

कुठलाही उपाय निवडा, निकाल परत व्हेरिएबलमध्ये ठेवायला विसरू नका. पायथन मूळ स्ट्रिंग बदलत नाही, नवी देतो. ही चूक मी अजूनही करतो.

एक पाहुणी चौघांनाही दाद देत नाही: झीरो-विड्थ स्पेस, म्हणजे शून्य रुंदीचं अदृश्य अक्षर. पायथनच्या लेखी ती स्पेसच नाही, त्यामुळे ती नेमकी नाव घेऊन काढावी लागते. इथे काहीजण वैतागून सगळीच अदृश्य अक्षरं उडवतात. मराठीत ते महागात पडतं. काही कीबोर्ड "ऱ्य" लिहिताना र, हलंत आणि झीरो-विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं अदृश्य अक्षर) अशी जोडणी करतात. तो जॉइनर गेला की आचाऱ्यांना दिलेली दक्षिणा आचार्यांच्या नावावर जमा होते आणि दऱ्यांचा दर्या होतो.