भिंती वाटून घ्यायच्या की एकत्र पाहायच्या?

वडोदऱ्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांची चित्रं चार भिंतींवर आहेत: गंगावतरण, महाभारत, मीरा आणि नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकावरचं). प्रोजेक्टसाठी आमचा गटही चौघांचाच. साहजिकच एकेकाने एकेक भिंत घेतली.

असं वाटून घेतलं की वेळ वाचतो, कुणी कुणासाठी खोळंबत नाही. पण आदल्या रात्री चार तुकडे जोडताना आमची तारांबळ उडाली. एकाने रंगांवरच लिहिलेलं, दुसरीने नुसती कथा. भित्तिचित्र, भित्तीचित्र, भिंतीचित्र असं तीन तऱ्हांनी लिहिलेलं. पहाटेपर्यंत तेच सुधारत बसलो.

पुढच्या सत्रात सगळे एकत्र बसलो, दांडिया बाजारात मैत्रिणीच्या घरी. काकूंचे पोहे, गप्पा आणि दोन तासांत जेमतेम एक पान! तरी त्या पानातला शब्दन् शब्द चौघांनाही समजावून सांगता येत होता. तोंडी परीक्षेत हे फार मोलाचं ठरतं.

माझं मत विचाराल तर आराखडा आणि शेवटचं वाचन एकत्र, मधलं लिखाण आपापलं. कोण कधीपर्यंत काय देणार, ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आणि जो गप्प बसतो त्याला आवर्जून विचारा. आमची सुरुवात कुठून करायची, हे अशाच एका अबोल मित्राला सुचलं होतं.