फौजीची सुट्टी: एकदम की तोडून?

फौजीला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवसांची सीएल, म्हणजे किरकोळ रजा, मिळते. ती एकदम घ्यावी की तोडून, हा विषय आमच्या सातारा भागातल्या फौजी घरांत दरवर्षी निघतो. आमचे हे जम्मूकडे होते तेव्हा आम्ही दोन्ही करून पाहिलं.

एकदम दोन महिने आले की माणूस घरात मुरतो. पहिले आठ दिवस तो पाहुणाच असतो. धाकटी दाराआडून बघायची, जवळ जायची नाही. दहाव्या दिवशी तिनं आपणहून चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि यांनी तोंड फिरवून डोळे पुसले. तुकड्यातल्या सुट्टीत हा दहावा दिवस येईपर्यंत बॅग भरायची वेळ होते. शिवाय एकदम घेतलेल्या सुट्टीत शेत, बँक, सासऱ्यांचा दवाखाना सगळं निवांत उरकतं. पुढचे महिने मात्र फार जड जातात, त्यांनाही आणि आम्हालाही.

तोडून घेतली तर गणपती सापडतो, गावची यात्रा सापडते. तीन-चार महिने काढले की भेट, या आशेवर दिवस निघतात. पण जम्मूहून झेलम एक्सप्रेसनं पुण्याला पोचायलाच दोन रात्री लागतात.

मूल लहान असेल तर मी एकदमच घ्या म्हणेन. मोठी मुलं फोनवर तरी मोकळी बोलतात. आणि रजा युनिटची गरज बघूनच मंजूर होते, म्हणून मुलांना तारीख आधी सांगू नका. गाडीत बसल्याचा फोन आला की मग सांगा.