हुआन्तोरेना १९७६ की रुडिशा २०१५: कोणत्या सुवर्णाला अधिक मान द्यावा?

आठशे मीटरच्या शर्यतीत एखादा धावपटू निर्विवाद जिंकतो, पण त्याचे सर्वांत तगडे प्रतिस्पर्धी अंतिम फेरीत नसतात, तेव्हा त्या विजयाचे मोल कसे ठरवायचे? श्रेष्ठ धावपटूंची क्रमवारी लावू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न अडवतो. अशा वाचकासाठी येथे दोन शर्यती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: २५ जुलै १९७६ रोजी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आल्बेर्तो हुआन्तोरेनाने जिंकलेली आणि २५ ऑगस्ट २०१५ रोजी बीजिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत केनियाच्या डेव्हिड रुडिशाने जिंकलेली.

प्रतिस्पर्धी का नव्हते, हे आधी पाहावे. न्यूझीलंडच्या रग्बी संघाने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा दौरा केल्याच्या निषेधार्थ केनियासह वीसहून अधिक देशांनी मॉन्ट्रियलवर बहिष्कार टाकला आणि १९७२च्या ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरचे कांस्यपदक जिंकलेला केनियाचा माइक बोइट धावूच शकला नाही. बीजिंगमध्ये मात्र २०१४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत खुद्द रुडिशाला हरवणारा नायजेल एमोस आणि २०१३चा जगज्जेता मोहम्मद अमान, दोघेही आले होते आणि उपांत्य फेरीच्या पुढे जाऊ शकले नाहीत. उपांत्य फेरी ही स्पर्धेचाच भाग असल्याने त्यांच्या गैरहजेरीचा बोजा रुडिशाच्या विजयावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय त्याच वर्षी १ मिनिट ४२.५१ सेकंदांची वेळ देणारा आमेल तुका अंतिम फेरीत होता आणि तो तिसरा आला.

आता घड्याळ. मॉन्ट्रियलच्या अंतिम शर्यतीत पहिले चारशे मीटर संपून शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा सर्वांच्या पुढे होता भारताचा श्रीराम सिंग. पहिली फेरी त्याने ५०.८५ सेकंदांत ओढून नेली होती आणि हुआन्तोरेना त्याच्या अगदी मागे होता. त्या वेगाचा लाभ घेत, मूळचा चारशे मीटरचा असलेला आणि आठशेचा फारसा अनुभव नसलेला हा धिप्पाड धावपटू १ मिनिट ४३.५० सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला. चारच दिवसांनी त्याने चारशे मीटरचे सुवर्णही घेतले. बीजिंगमध्ये रुडिशाने पहिली फेरी ५४ सेकंदांच्या थोडी वर, म्हणजे जाणूनबुजून संथ ठेवली, शेवटच्या वळणानंतर कोणालाही वाट दिली नाही आणि १ मिनिट ४५.८४ सेकंदांत शर्यत संपवली.

मॉन्ट्रियलमध्ये सातव्या आलेल्या श्रीरामची वेळ १ मिनिट ४५.७७ सेकंद होती, म्हणजे बीजिंगच्या विजेत्याहून सरस, आणि तो राष्ट्रीय विक्रम २०१८पर्यंत टिकला. भारतीय वाचकाचा ऊर यामुळे भरून यावा, माझाही येतो. पण म्हणून श्रीरामने रुडिशाला हरवले असते असा अर्थ काढू नये. संथ शर्यतीत वेळ हे माप नसते. तेथे आघाडी कोणाच्या हाती होती आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये ती कोणी हिसकावू शकले का, हे पाहायचे असते. लंडनमध्ये २०१२ साली १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम करणाऱ्या, पण नंतर गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०१३ची जागतिक स्पर्धा हुकलेल्या रुडिशाने आपली ताकद जोखून तशी शर्यत आखली, हे त्याचे कौशल्य आहे.

तरीही कामगिरीच्या यादीत एकच विजय घ्यायचा असेल, तर मी मॉन्ट्रियलचा घेईन, कारण तेथे विश्वविक्रम मोडला गेला आणि तो आकडा समोर कोण होते यावर अवलंबून नाही. स्पर्धेतील डावपेच तोलायचे असतील, तर बीजिंगला पसंती द्यावी. मात्र मॉन्ट्रियल निवडणाऱ्याने बोइटची उणीव जाणवलीच नसती असे म्हणू नये: १९७७ साली ड्युसेलडॉर्फच्या विश्वचषकात बोइट आणि हुआन्तोरेना समोरासमोर आले, तेव्हा हुआन्तोरेना जिंकला खरा, पण जेमतेम एका दशांश सेकंदाने.