गेम घ्यायचाय, पण ऐकायचं कोणाचं? स्ट्रीमर, रिव्ह्यूवाला यूट्यूबर की स्टीमवरची पब्लिक

मावसभाऊ आला होता दिवाळीत, अकरावीतलं पोरगं. आजी, मामा, काका असे सगळ्यांकडून मिळून साडेतीन हजार जमलेले आणि त्यात स्टीमवरून, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून, एकच गेम घ्यायचा होता. मी एक नाव सुचवलं तर सोफ्यावरून मान पण न उचलता म्हणतो, "छ्या, वो तो डेड गेम है भाई." म्हणजे आता कोणी खेळत नाही असा गेम. म्हटलं तू खेळलायस का? नाही. तुझा कोणी मित्र खेळलाय? नाही. बरं गंमत म्हणजे हा पोरगा घरात, शाळेत, क्लासला, सगळीकडे मराठी बोलतो, हे एक मत तेवढं हिंदीत आलं, म्हणजे ते ज्याच्या तोंडून ऐकलं त्याच्याच आवाजात जसंच्या तसं बाहेर पडलं. तेव्हा डोक्यात आलं की आपण सगळेच असं करतो, फक्त भाषा बदलत नाही म्हणून पकडले जात नाही.

तर हे मुळात त्याच्यासाठी लिहितोय, आणि जो कोणी चार हजाराचा गेम घ्यायच्या आधी रात्री दोनपर्यंत व्हिडिओ बघत बसतो त्याच्यासाठी पण.

आधी स्ट्रीमर घेऊ, कारण सगळ्यात जास्त वजन त्याचंच आहे. स्ट्रीमरची एक गोष्ट मला मनापासून आवडते, तो चार तास लाइव्ह खेळतो त्यामुळे गेम अडकला, क्रॅश झाला, कंटाळवाणा पट्टा आला तर ते लपवता येत नाही, ट्रेलरमध्ये कधीच न दिसणारा गेम तुम्हाला तिथे दिसतो. आणि एखादा पडून राहिलेला गेम उचलून धरायची ताकद त्याच्याइतकी कोणातच नाही. अमंग अस बघा, टोळीत लपलेला खोटारडा कोण ते ओळखायचा गेम. २०१८ मध्ये आला, बनवणारी इनरस्लॉथ म्हणजे तीन जणांची टीम, दोन वर्षं फारसं कोणी विचारलं नाही. आधी कोरिया आणि ब्राझीलमधल्या क्रिएटर्सनी तो खेळायला घेतला, मग २०२० च्या जुलैच्या आसपास सोडापॉपिन नावाच्या ट्विच स्ट्रीमरने, आणि लॉकडाऊनमध्ये घरी बसलेली अख्खी दुनिया एकमेकांना "सस", म्हणजे संशयित, म्हणायला लागली. ऑगस्टमध्ये त्यांनी दुसरा भाग जाहीर केला आणि सप्टेंबरमध्ये रद्द पण केला, कारण जुन्याच गेमवर एवढी गर्दी झाली होती की त्यालाच सांभाळायचं ठरवलं. गेम तोच होता हं, दोन वर्षांपूर्वी जो होता तोच.

पण इथेच खरी गोम आहे. स्ट्रीमर खेळताना तुम्ही जे बघता तो गेम अधिक तो माणूस अधिक चॅट असं सगळं एकत्र असतं, आणि तुम्ही पैसे भरता ते फक्त गेमचे. मी स्वतः एक हॉरर गेम असाच घेतलेला. व्हिडिओत चार जण हेडफोन लावून ओरडतायत, एकजण खुर्चीवरून पडतोय, मी हसून हसून लोळतोय. घेतला. रात्री अकराला दिवे बंद करून बसलो, एकटा, माइक नाही, मित्र सगळे झोपलेले. पंधरा मिनिटं एका रिकाम्या घरात टॉर्च घेऊन दारं उघडत फिरलो. भूत आलं तेव्हा मी मोबाइलवर मेसेज बघत होतो. गेम वाईट नव्हता, मला त्या चौघांची मैत्री विकत घ्यायची होती आणि ती काही कार्टमध्ये टाकता येत नाही.

दुसरं, पैसा. २०१४ मध्ये शॅडो ऑफ मॉर्डॉर आला तेव्हा वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबर्सना पैसे देऊन व्हिडिओ करून घेतले, प्यूडीपाय हा जगप्रसिद्ध यूट्यूबर पण त्यात होता. अट काय तर गेमबद्दल चांगलं बोला, बग दाखवू नका. आणि पैसे घेतलेत हे सांगायचं कुठे, तर व्हिडिओखालच्या डिस्क्रिप्शनमध्ये, जिथे "आणखी दाखवा" दाबल्याशिवाय ते दिसतच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हे प्रकरण धरलं आणि २०१६ मध्ये समझोता झाला, त्यांच्या म्हणण्यानुसार ते व्हिडिओ ५५ लाखांहून जास्त वेळा बघितले गेले होते. मजा म्हणजे गेम चांगलाच होता! रिव्ह्यू पण चांगलेच आले होते. म्हणजे चांगल्या गेमचं पण विकत घेतलेलं कौतुक असू शकतं, आणि बघणाऱ्याला दोन्हीतला फरक कळायला काही मार्ग नाही, हे मला जास्त डाचतं.

आपल्याकडे आता नियम आहेत. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे आस्कीचे, २०२१ च्या जूनपासून लागू आहेत, आणि २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक विभागाने पण नियमावली काढली, त्यात लाइव्ह स्ट्रीम असेल तर जाहिरातीचं लेबल पूर्ण वेळ स्क्रीनवर ठळक दिसत राहिलं पाहिजे असं म्हटलंय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे पुढच्या वेळी स्ट्रीम बघताना कोपऱ्यात नजर टाकायची. लेबल दिसलं म्हणजे माणूस खोटारडा असं नाही, उलट सांगतोय म्हणजे बरा, पण मग ते तीन तास जाहिरात म्हणून बघायचे, मत म्हणून नाही.

आता रिव्ह्यूवाले यूट्यूबर. हे वेगळी जमात, लाइव्ह बसत नाहीत, खेळून झाल्यावर अर्धा तास नीट बोलतात. यातला माझा आदर्श टोटलबिस्किट, जॉन बेन, २०१८ मध्ये कॅन्सरने गेला बिचारा. त्याच्या व्हिडिओत गेम सुरू व्हायच्या आधी तो ऑप्शन्सचा मेनू उघडायचा. रिझोल्यूशन काय काय आहे, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) लॉक केलाय का, फील्ड ऑफ व्ह्यूचा (आजूबाजूचं किती रुंद दिसतं त्याचा) स्लायडर दिलाय का, बटणं बदलता येतात का. नवीन बघणाऱ्याला वाटायचं हा काय येडा आहे का, गेम दाखव ना. पण चार जीबीचं ग्राफिक कार्ड असलेल्या माणसाला कथेपेक्षा तो मेनूच आधी बघायचा असतो. वर सांगितलेल्या मॉर्डॉरच्या अटींबद्दल पण त्याने तेव्हाच उघड बोंब मारली होती. आज एसीजी नावाच्या चॅनेलवाला आहे, तो आकडा देत नाही, घ्या, सेलची वाट बघा, हात लावू नका अशा छापाचा निकाल देतो, आणि मला विचाराल तर दहापैकी साडेआठ या असल्या आकड्यापेक्षा हे शंभर पटीने कामाचं आहे. गेम चालतो कसा एवढंच बघायचं असेल तर डिजिटल फाउंड्री नावाचं चॅनेल, तिथे फ्रेम रेटचा ग्राफच समोर ठेवतात, भावना वगैरे भानगड नाही.

या जमातीचा रोग वेगळा. स्ट्रीमर खुश राहून कमावतो, हे चिडून कमावतात. थंबनेलवर लाल बाण, उघडं तोंड, "हा गेम संपला" असं मथळ्यात. महिन्याला एक गेम तरी मारावाच लागतो ना. एक साधी टेस्ट सांगतो, तो माणूस स्वतः खेळतानाचं फुटेज दाखवतोय की मागे दुसऱ्यांच्या ट्वीटचे स्क्रीनशॉट फिरतायत? स्क्रीनशॉट असतील तर तो रिव्ह्यू नाही, गल्लीतली चर्चा आहे. ऐका, मजा येते, मी पण जेवताना लावतो, पण खिशाशी त्याचा संबंध जोडू नका.

मोठ्या साइटींचे रिव्ह्यू आणि त्या सगळ्यांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटचा आकडा, म्हणजे मेटास्कोर, यावर जास्त वेळ घालवत नाही. एकच उदाहरण. सायबरपंक २०७७, डिसेंबर २०२०, प्री-ऑर्डरच ८० लाख. आधी रिव्ह्यू करणाऱ्यांना फक्त पीसीची कॉपी मिळाली, स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज पण सुरुवातीला दाखवायची परवानगी नव्हती. पीसीचा मेटास्कोर शंभरपैकी ८६ च्या घरात. आणि पीएस ४ चा? ५७. एकाच गेमचा! पण हा दुसरा आकडा आला तो लोकांनी पैसे मोजून झाल्यावर, आणि आठवड्याभरात सोनीने तो गेम आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, परत आला थेट पुढच्या जूनमध्ये. म्हणजे रिव्ह्यू खोटे नव्हते, फक्त ते दुसऱ्याच मशीनवरचे होते. बाकी साइटवाले म्हणजे एकदम स्वतंत्र वगैरे असंही नाही, २००७ मध्ये गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमनला केन अँड लिंच या गेमला कमी मार्क दिल्यावर काढलं होतं, त्या गेमच्या जाहिराती त्याच साइटवर झळकत असताना.

मग उरली पब्लिक. स्टीमवरचे रिव्ह्यू मला आवडतात कारण तिथे माणसाच्या नावाखाली तास लिहिलेले असतात. चारशे तास खेळून "घेऊ नका" म्हणणारा नक्की कशावर चिडलाय हे वाचण्यासारखं असतं, आणि वीस मिनिटं खेळून "बेस्ट गेम एव्हर" म्हणणाऱ्याला सोडून द्या. पण पब्लिकला पण कोणीतरी हाकत असतं हे विसरू नका. द लास्ट ऑफ अस भाग दोन आला तेव्हा समीक्षकांचे ९३ आणि मेटाक्रिटिकवरच्या युजर्सचे पहिल्याच दिवशी दहापैकी चारच्या पण खाली, गेम संपवायला वीसपंचवीस तास लागतात राव, यांनी संपवला कधी? कथा आधीच लीक झालेली, त्यावर व्हिडिओंचा महापूर आलेला, लोक ठरवूनच आले होते. त्यानंतर मेटाक्रिटिकने रिलीजनंतर ३६ तास युजर रिव्ह्यू बंद ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे फौजी नावाच्या मोबाइल गेमचं तेच झालं. पबजीवर बंदी आली त्याच आठवड्यात अक्षय कुमारने जाहीर केला, २६ जानेवारी २०२१ ला आला, उघडून बघतात तर पबजीसारखं बॅटल रॉयल (शेवटी एकच उरतो तसलं) नाहीच, गलवानमध्ये हाणामारी. प्ले स्टोअरवर रेटिंग धडाधड खाली. त्यात खऱ्या निराशेचे एक स्टार किती आणि "आमचा पबजी परत आणा" वाले किती, हे आता कोणी वेगळं काढून दाखवावं.

दर वेळी हा राग फुकट जातो असं पण नाही. २०२४ च्या मेमध्ये हेलडायव्हर्स २ ला सोनीने पीएसएन, म्हणजे त्यांच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं, खातं सक्तीचं करायचं म्हटल्यावर एका वीकेंडला दोन लाखांहून जास्त निगेटिव्ह रिव्ह्यू पडले आणि सोनीने माघार घेतली. फक्त त्या वीकेंडला कोणी नवीन माणूस लाल रंग बघून "गेम भंगार दिसतोय" म्हणून परत गेला असेल तर त्याचं नुकसान, गेम तर भारी आहे. म्हणून स्टीमवरचा रिव्ह्यूंचा ग्राफ बघायचा, लाल खांब एकाच तारखेला उभा असेल तर भांडण आहे, रोज थोडा थोडा लाल असेल तर गेमच दुखतोय. आणि तारखा पण बघा. नो मॅन्स स्काय २०१६ मध्ये शिव्यांचा धनी होता, फुकट अपडेट देत देत २०२४ मध्ये त्याचे एकूण रिव्ह्यू "व्हेरी पॉझिटिव्ह" वर आले. आठ वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून आजचा गेम नाकारणारे मी बघितलेत.

तर मावसभावा, तुझ्यासाठी मी असं म्हणेन. मित्रांबरोबर खेळायचा ऑनलाइन गेम असेल तर स्ट्रीमर बघ, पण बाहेरचा करोडो सबस्क्रायबरवाला नको, आपल्याकडचा कोणीतरी लहान चॅनेलवाला, ज्याच्या स्क्रीनवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दिसतोय. अमेरिकेतला माणूस तुला मुंबईचा सर्व्हर आहे की नाही हे कधीच सांगणार नाही, त्याला गरजच नाही. मुंबईच्या पबजी स्ट्रीमर आदित्य सावंतचं, म्हणजे डायनॅमोचं "पट से हेडशॉट" एवढं चाललं ते काय उगाच, तो आपल्याच नेटवर, आपल्याच रात्री खेळत होता असं पोरांना वाटायचं. कथेचा गेम असेल तर उलट, स्ट्रीमर अजिबात लावू नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी घे उदाहरणाला, पाचसहा तासांचा गेम, राजस्थानी महाल, बाहुल्यांच्या खेळातून सांगितलेली गोष्ट. त्याचा पूर्ण स्ट्रीम बघितलास तर गेम संपला, आता घेणार काय? तिथे दहा मिनिटांचा शांत रिव्ह्यू बघ आणि बंद कर. नवा कोरा मोठा गेम असेल तर तुझ्या लॅपटॉपमधल्या कार्डाचं नाव आणि गेमचं नाव एकत्र टाकून सर्च मार, पाच हजार व्ह्यूजवाला कुठला तरी मुलगा काही न बोलता वीस मिनिटं सेटिंग बदलून दाखवत असतो, तो देवमाणूस आहे. आणि घेऊन फसलासच तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात, कारण विचारतात पण "मजा नाही आली" एवढं पुरतं.

हे सगळं त्याला फोनवर पण सांगितलं, हो हो म्हणाला. पाडव्याच्या रात्री मेसेज आला, गेम घेतला म्हणून. कुठला, तर तोच, डेड गेम. सेलमध्ये ७० टक्के ऑफ होता म्हणे. मी लिहिलं घड्याळ लाव, दोन तासांच्या आत ठरव. दीड वाजता बघितलं तर हिरवा ठिपका चालूच, खाली लिहिलेलं पाच तास वीस मिनिटं. सकाळी विचारलं कसा आहे, तर म्हणाला, "दादा, भारी आहे रे, थांब, मारतायत मला." या वेळी मराठीत.