आकोमाचं म्हणून साच्यातलं मडकं गळ्यात मारलं

1,850 डॉलर मडक्याचे, 65 पॅकिंग-कुरिअरचे. एकूण 1,915. लिहितानाही लाज वाटते, पण आपली बरीच मंडळी सुट्टीत अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला जातात, म्हणून लिहितोय.

दुकान अगदी प्लाझाजवळ, म्हणजे गावातल्या मुख्य चौकाजवळ. मडक्याच्या पांढऱ्या पोटावर काळ्या रेघांची बारीक जाळी, म्हणजे पाऊस. वर पायऱ्यापायऱ्यांचे ढग. "आकोमा पुएब्लो, हाताने वळ्या रचून केलेलं," दुकानदार म्हणाला. (आकोमा हे तिथल्या मूळनिवासींचं गाव; अशा गावाला पुएब्लो म्हणतात.) मी काही अगदीच अडाणी नव्हतो हो! तिथे चाक वापरत नाहीत, जुन्या खापरांची पूड मातीत कालवतात, युक्का नावाच्या झाडाचं पातं चावून कुंचला करतात, हे सगळं वाचून गेलो होतो. शिवाय रेघा खरंच हाताच्या होत्या. तिथेच गंडलो.

बायकोने आत हात घातला. "अहो, आतून काचेसारखं कसं हे? कुठे बोटाचा ठसाच नाही." आणि कुंभारवाड्याशेजारी वाढलेला मी तिलाच म्हणतो, "कसब म्हणतात याला!" दुकानदार नुसता हसला. ते हसू अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आकोमाला गेलो. तिथल्या एका आजींना मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांनी नक्षीकडे पाहिलंही नाही, "आतला फोटो आहे?" एवढंच विचारलं. नव्हता. पार्सल घरी आल्यावर टॉर्च मारला, तर गळ्यापासून बुडापर्यंत सरळ उभी शिवण. साच्यात पातळ माती ओतून काढलेलं, वर रंगवलेलं. असा माल सांगून-सवरून स्वस्तात विकतात, त्याला माझी हरकत नाही. मग बिल पाहिलं: "सिरॅमिक पॉट". बस्स. आधी बिल वाचा, मग कार्ड काढा!

दुकान म्हणतं, विकलेला माल परत नाही. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. कार्डवाले म्हणाले, वस्तू पोचली ना? अमेरिकेत 1990 चा कायदा आहे, खोट्या वस्तू मूळनिवासींच्या म्हणून विकल्या तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. कागदावर! सरकारी कचेरीतून तीन महिन्यांनी उत्तर आलं: "हाताने केलेलं" असं लेखी आहे का? अहो, चोर लिहून देतो का?

तर लेखी घ्याच. कारागिराचं नाव, पुएब्लो, आणि वळ्यांचं की साच्यातलं. प्लाझावरच्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या इमारतीच्या ओसरीत कारागीर स्वतः बसतात, आधी तिथे जा. आणि प्लाझाजवळ कोणी असंच काही घेतलं असेल तर बिल फेकू नका, मला कळवा. एकट्याच्या तक्रारीला कोणी विचारत नाही.