बेंचसाठी ड्राफ्ट: ब्राऊनसारखा की वॉटसनसारखा?

नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टवर पडीक असलेल्या भाच्याचा पेच: "मामा, एनबीएच्या (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, विजेतेपदाच्या शर्यतीतल्या संघाने पहिल्या फेरीच्या शेवटी तयार खेळाडू घ्यावा की एकोणीस वर्षांचं पोरगं?" डेन्व्हरच्या संघाने 2022 मध्ये दोन्ही घेतले. कॅन्सस विद्यापीठाकडून तीन वर्षं खेळलेला ख्रिश्चन ब्राऊन निवडीत 21वा, यूसीएलए विद्यापीठात एकच वर्ष काढलेला पेटन वॉटसन 30वा.

पैशाचा फरक किरकोळ. पगार क्रमांकानुसार ठरलेला, कराराची दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. खरा खर्च वेळेचा. ब्राऊन पहिल्याच मोसमात कामाला आला. 2023 च्या अंतिम फेरीतल्या तिसऱ्या सामन्यात बेंचवरून, म्हणजे बदली म्हणून, येऊन 15 गुण, आठपैकी सात फटके आत. बहुतेक चेंडू हातात नसताना बास्केटकडे घुसून! वॉटसन तेव्हा जवळजवळ बसूनच होता. त्याच्या लांब हातांचे ब्लॉक (अडवलेले फटके) पुढच्या मोसमात दिसले. उड्यांचे व्हिडिओ मी हिशेबात धरतच नाही.

मुख्य खेळाडू तिशी ओलांडलेले असतील तर ब्राऊनसारखा. तारे पंचविशीतले असतील, थांबायची तयारी असेल, तर वॉटसनसारखा. दुसऱ्या फेरीत मात्र मी कॉलेज पूर्ण खेळलेलाच घेईन: मिलवॉकीला 2016 मध्ये 36वा माल्कम ब्रॉग्डन असाच मिळाला, नि सर्वोत्तम नवोदित ठरला.